घराचे वायरिंग बदलताना: दिवा पेटला म्हणजे काम झाले असे नव्हे

कापड घेताना आम्ही व्यापारी तागा उलगडतो, पन्हा मोजतो, भिंग लावून ताणा-बाणा पाहतो आणि दोष आढळला तर माल परत करतो. घराचे वायरिंग नवे करून घेतले की मात्र बटण दाबून दिवा लागलेला पाहतो आणि वायरमनचा हिशेब चुकता करतो. वास्तविक अर्थिंग नसलेल्या घरातही दिवा पेटतो आणि आवरण फाटलेल्या तारेवरही पेटतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे ही गोष्ट अधिक जपावी लागते. तेथे कित्येक ठिकाणी वर बिऱ्हाड व खाली माग किंवा कापडाच्या गाठी असतात. जुन्या घरांत लाकडी पट्टीतल्या, रबर आणि सुती वेष्टनाच्या तारा अजून सापडतात. रबर वाळून हात लावताच गळून पडते. नंतरच्या काळातली ॲल्युमिनियमची तार स्क्रूखाली सैल पडून तापते. तशा तापलेल्या बोर्डावर मागातून उडालेले कापसाचे तंतू साचलेले असले तर ठिणगी पुरते.

काम परवानाधारक कंत्राटदारालाच द्यावे. १९५६ च्या वीज नियमांत ही अट होती आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या विनियमांतही आहे. बल्ब किंवा बटण बदलणे वेगळे. तार तांब्याची, आयएसआय छापाची घ्यावी. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर व एसीला चार, असा साधारण हिशेब आहे. आकार आवरणावर छापलेला असतो, तो स्वतः वाचावा. एमसीबी हा तारेचा रखवालदार आहे. तो वारंवार पडतो म्हणून तार तीच ठेवून मोठा एमसीबी बसवून देणारा माणूस रखवालदाराला झोपवतो.

भिंतीतील झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. पाइपाच्या आत तारेचा सांधा नको. सांधा असेल तो बोर्डात किंवा डब्यात, उघडून पाहता येईल असा.

तारा ओढून झाल्या की खरी परीक्षा मेगरची. मेन बंद करून बल्ब, पंखे, उपकरणे सोडवायची, बटणे चालू ठेवायची आणि ५०० व्होल्टच्या मेगरने एकेक सर्किट तपासायचे. फेज व अर्थमध्ये, न्यूट्रल व अर्थमध्ये, मग फेज व न्यूट्रलमध्ये. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आला तर कुठेतरी आवरण सोलले आहे किंवा ओल आहे. नव्या कोरड्या कामात आकडा याच्या कितीतरी वर जातो, म्हणून जेमतेम एक आला तरी आम्ही कारण विचारू. आकडे सर्किटवार कागदावर लिहून, सहीसह मागावेत. शेवटचा हप्ता त्या कागदावर द्यावा.

आता आरसीसीबी, ज्याला बाजारात अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली की नाही, हा जमाखर्च तो पाहतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा, तेवढी तफावत होताच तो वीज तोडतो. आमच्या एका नातेवाइकांच्या घरी तो बसवल्या दिवसापासून पडू लागला. वायरमन म्हणाला, “शेठ, माल खराब आहे, सरळ जोडून देतो.” आम्ही हात धरला. शोधल्यावर निघाले ते असे की जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या मजल्याचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्याचा जोडला होता. साहजिकच खाते जुळत नव्हते. न्यूट्रल सोडवून जागच्या जागी लावला आणि तक्रार थांबली. आरसीसीबी वगळून दिलेले घर वरून अगदी सुरळीत चालते, म्हणूनच ही चोरी कळत नाही. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र त्याने उपकरण चालते एवढेच कळते, अर्थिंगची खात्री होत नाही.

अर्थिंगची तार पूर्वी नळाला बांधत. आता नळ प्लास्टिकचे, तेव्हा ती तार शोभेची झाली. स्वतंत्र अर्थिंग करून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. घराला पाच ओहमच्या आत असावे असे जाणकार धरतात. प्रत्येक तीन पिनांच्या सॉकेटच्या वरच्या छिद्रापर्यंत हिरवी तार पोचली आहे का, हे एखाद-दोन बोर्ड उघडून पाहावे. समोरून पाहता फेज उजवीकडे हवा. बटण बंद केल्यावर होल्डरमध्ये टेस्टर पेटत असेल तर बटण न्यूट्रलवर लावले आहे, ते बदलून घ्यावे.

माग असलेल्यांनी घरचा दिवा मागाच्या तीन फेजच्या लाइनीवरून घेऊ नये. तिथला न्यूट्रल सुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो आणि फ्रीज-टीव्ही सारे एकदम जाते.

जुन्या तारा भिंतीत ठेवू नयेत, उद्या कोणीतरी त्यांनाच जोड देतो. निघालेले तांबे भंगारात चांगल्या भावाने जाते. ते घरमालकाचे की वायरमनचे, हे पॉइंटचा भाव ठरवतानाच बोलून घ्यावे.