अक्षरांची सलग आवृत्ती आणि संगणक

वृत्ताचा पाठ आणि संगणकाचा पाठ यांत साम्य ते कोणते, असे आपणांस वाटेल. परंतु एकच अक्षर सलग किती वेळा आले हे शोधण्याची रीत वृत्तावरून उत्तम समजते. मंदाक्रांतेचा चरण 17 अक्षरांचा. त्याचे गण म, भ, न, त, त व शेवटी दोन गुरू. गुरूस 'ग' आणि लघूस 'ल' लिहिल्यास चरण असा होतो:

गगगगलललललगगलगगलगग

संगणकास पुढील आज्ञा द्याव्या लागतात.

1. पहिले अक्षर 'मागील' म्हणून धरावे. संख्या 1 मांडावी.
2. पुढील अक्षर मागीलाशी जुळल्यास संख्येत 1 मिळवावा.
3. न जुळल्यास मागील अक्षर व संख्या लिहावी. नवे अक्षर 'मागील' करून संख्या पुन्हा 1 करावी.
4. अक्षरे संपताच उरलेला गट लिहावा.

उत्तर येते: ग4, ल5, ग2, ल1, ग2, ल1, ग2. बेरीज 17 भरते. चौथी आज्ञा राहून गेली तर शेवटचे दोन गुरू गळतात व बेरीज 15 होते. म्हणून बेरीज नेहमी पडताळावी. पहिला यती चौथ्या अक्षरावर, म्हणजे चार गुरूंचा गट संपतो तेथेच पडतो, हेही ध्यानात येईल. फॅक्स यंत्रेही कागदावरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे सलग गट असेच मोजून पाठवीत.

मात्र देवनागरीत एक अडचण आहे. 'मामा' या शब्दात आपल्या डोळ्यांस 'मा' दोनदा दिसतो. युनिकोड पद्धतीत मात्र तेथे म, काना, म, काना अशी चार चिन्हे असतात. शेजारची दोन चिन्हे कोठेच सारखी नसल्याने संगणकास आवृत्ती आढळत नाही. आमच्या कोठीनजीकच्या 'बोग्गुलकुंटा' या नावातील दोन 'ग' यांमध्येही हलन्ताचे चिन्ह असते. म्हणून पूर्ण अक्षरांची आवृत्ती हवी असल्यास आधी शब्दाची काना-मात्रेसह अक्षरे पाडावीत. व्यंजनांचे द्वित्व हवे असल्यास हलन्त वगळून तुलना करावी. यंत्र मोजते, एकक कोणते, हे मोजावयास सांगणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

अभ्यास: शार्दूलविक्रीडिताचे गण म, स, ज, स, त, त, ग. त्याच्या 19 अक्षरांचे सलग गट पाडा. गट 11 आले पाहिजेत.