तुसाची शेगडी व तिची निगा

भोगावतीच्या कांठीं वसलेलें पेण घ्या किंवा कुंडलिकेच्या कांठचें रोहें घ्या. दोन्ही गांवें भाताच्या मुलुखांतलीं. भाताच्या गिरणीपाशीं तुसाचा ढीग नाहीं असें येथें सहसा घडत नाहीं. शंभर किलो भात भरडलें असतां सुमारें २० किलो तूस निघतें. भट्ट्यांवर तें खपतें. घरच्या चुलींत मात्र तें फारसें कोणी घालीत नाहीं. कां, म्हणून वर्गांत विचारलें तर मुलें एकमुखानें सांगतात कीं, धूर फार होतो. उत्तर खरें आहे, पण अर्धेंच. तूस धुमसतें तें हवा कोंडल्यामुळें, आणि हवा कोंडते ती बहुधा वेळेवर न काढलेल्या राखेमुळें. तुसाची शेगडी पेटवावयास कोणीही चार दिवसांत शिकेल. ती साफ राखणें हें खरें काम, व त्याचाच येथें विचार करावयाचा आहे.

पुष्कळ घरांत आज ग्यास आला आहे, हें आम्ही विसरलों नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें वाड्यापाड्यांपर्यंत सिलिंडर पोंचविले. तथापि स्नानाचें पाणी, गुरांचें आंबोण आणि पावसाळ्यांत न वाळणारे कपडे यांसाठीं मागील दारचा विस्तव अजून सुटलेला नाहीं. म्हणून हा विषय जुना झाला असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रथम राखेचें गणित पाहूं. सुकें लांकूड जाळलें तर शंभर भागांस सुमारें एक भाग राख उरते. तूस जाळलें तर सुमारें वीस भाग. रोज तीन किलो लांकूड जाळणाऱ्या घरीं ३० ग्रॅम राख निघेल, तर तितकेंच तूस जाळणाऱ्या घरीं ६०० ग्रॅम. या राखेचे दहांपैकीं जवळजवळ नऊ भाग सिलिकेचे, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचे असतात. भाताचें रोप हें द्रव्य पाण्याबरोबर जमिनींतून शोषून घेतें व टरफलांत सांठवितें. तुसाचा खरखरीतपणा त्याचाच. लांकूड जळतां जळतां आकसून नाहींसें होतें. तुसांतील जळणारा अंश निघून गेला तरी सिलिकेचा सांगाडा जागच्या जागीं राहतो, इतका कीं राखेंतही तुसाचा आकार ओळखूं येतो. हा सांगाडा नव्या तुसाच्या व हवेच्या मध्यें पडद्यासारखा उभा राहतो. लांकडाच्या चुलीची राख आठवड्यानें काढिली तरी चालते. तुसाच्या शेगडीस ती संवय लावली कीं धूर आलाच.

शेगडीची रचना साधी आहे. पत्र्याचा डबा असतो व त्याच्या बुडाजवळ बाजूला एक भोंक असतें. मध्यें गुळगुळीत दांडा उभा धरावा, बाजूच्या भोंकांतून दुसरा दांडा आडवा सारून त्यास भिडवावा, आणि भोंवतीं तूस थराथरानें दाबून भरावें. नुसत्या तुसाची भिंत ढांसळते. वखारींतला लांकडाचा भुसा थोडा मिसळला तर ती टिकते. दांडे फिरवीत फिरवीत हलकेच काढले म्हणजे हवेला खालून आंत येण्याची वाट व ज्वाळेला वर जाण्याची नळी तयार होते. फार दाबलें तर शेगडी धुमसते. सैल भरलें तर नळी बुजते. हा अंदाज हातालाच यावा लागतो, लिहून देतां येत नाहीं.

आतां सफाई. ती सकाळीं, शेगडी पूर्ण निवाल्यावर करावी. रात्रीं शेगडी रिकामी करण्याची घाई कोणी करूं नये; तुसाच्या राखेच्या पोटांत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो, आणि अशी राख पेंढ्याच्या उडवीजवळ किंवा गोणपाटांत टाकणें म्हणजे आगीस बोलावणें होय. राख पत्र्याच्या झांकणाच्या डब्यांतच घ्यावी. ती फार हलकी असून तिची धूळ छातीस अपायकारक आहे; म्हणून आधीं पाण्याचा हलका शिंतोडा द्यावा व नाकातोंडावर फडकें बांधावें. नंतर बाजूचें भोंक सळईनें मोकळें करावें. बहुतेक जण डबा उलटा करून झटकतात आणि नेमकें हेंच भोंक विसरतात. आंतून मातीचा लेप असल्यास त्याच्या भेगा वारुळाच्या मातींत थोडें तूस कालवून बुजवाव्या. पावसाळा लागण्यापूर्वीं तर शेगडींत चिमूटभरही राख राहूं देऊं नये. ती ओल धरून ठेवते व पत्र्याचें बूड गंजून जातें.

राखेचा रंगही बघावा. करडी-पांढरी राख म्हणजे हवा पुरेशी मिळाली. काळी म्हणजे कोळसा न जळतां मागें राहिला, अर्थात् वाट कोठें तरी अडली आहे, किंवा तूस ओलें तरी होतें.

या खटाटोपाचें महत्त्व केवळ इंधनाच्या बचतीपुरतें नाहीं. हवा अपुरी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अधिक निपजतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. आमच्या भागांत आषाढाची झड लागली म्हणजे दारें-खिडक्या बंद होतात आणि कपडे वाळविण्यासाठीं शेगडी आंत येते. डोकें दुखणें, मळमळणें, गळून जाणें हीं लक्षणें दिसूं लागतांच माणसास प्रथम उघड्यावर आणावें. औषधाचा विचार त्यानंतर. धूर दिसत नाहीं म्हणजे भय नाहीं, असें समजूं नये. लाल निखाऱ्याला धूर नसतो, वायु असतो. बंद खोलींत शेगडी ठेवून निजणें तर सर्वथा वर्ज्य. घरांतील चुलींच्या धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

चांगली चूल दिली म्हणजे काम संपलें, ही समजूत आपल्याकडे एकदां महागांत पडली आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू होऊन २००२ पर्यंत चालला. चुली लक्षावधि बसविल्या गेल्या. पण पुष्कळ ठिकाणीं धुराडीं काजळीनें बुजलीं, तीं साफ कोणी केलीं नाहींत, आणि लोक पुन्हां तीन दगडांकडे वळले. वेळूच्या काठीस काथ्याचा कुंचा बांधून महिन्यांतून एकदां धुराडें घांसणें, एवढेंच तें काम.

पुढें २००६ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साह्यानें ‘ऊर्जा’ नांवाची चूल निघाली व ती महाराष्ट्रांतही विकली गेली. तिचें इंधन म्हणजे पेलेट. शेतांतला पालापाचोळा व भुसा यंत्रांत दाबून केलेल्या लहान कांड्या. सैल तूस घनमीटरांत शंभर-सवाशें किलो मावतें. दाबलेल्या कांड्या सहाशें किलोंहून अधिक मावतात. त्या चुलींत विजेच्या घटावर चालणारा लहान पंखा हवा पुरवीत असे. परंतु पंखा असला तरी हवेचीं भोंकें राखेनें बुजतातच. शिवाय इंधनांत पालाश अधिक असेल तर सिलिका त्याच्या संगतीनें वितळून कांचेसारखे खंगर होतात व जाळीस चिकटतात. ते गरम असतां ठोकून काढूं नयेत. निवल्यावर आपोआप सुटतात. दर वेळीं जळण संपतांच भांडें रिकामें करणें, हा नियम तिलाही होताच.

राहतां राहिली ती डब्यांतली राख. पूर्वीं घरोघर तिची राखुंडी होई व भांडींही तिनेंच घांसत. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतींत तिला याहून मानाचें स्थान आहे: रोपवाटिकेच्या दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख वाफ्याच्या वरच्या थरांत मिसळावयाची. सिलिकेमुळें रोप ताठ होतें व खोडकिडा, करपा यांस अधिक तोंड देतें. मौज अशी कीं, शेगडीच्या दृष्टीनें जी राख अपुरी जळलेली, तीच वाफ्यास अधिक मानवते; फार तापून पांढरी पडलेली सिलिका पाण्यांत सहज विरघळत नाहीं. म्हणून सळईनें काढलेली कडेची काळी राख वेगळ्या डब्यांत ठेवावी. कार्तिकापासून वैशाखापर्यंत दोन्ही रंगांची मिळून सव्वाशें किलो राख निघते. तींतली निम्मी जरी काळी असली तरी गुंठाभर रोपवाटिकेपुरती होते, आणि गुंठाभर रोप साधारण दहा गुंठे लावणीस पुरतें. डबा झांकून माळ्यावर ठेवावा. भिजलेल्या राखेचे गोळे होतात व रोहिणींत पेरणीच्या वेळीं ती वाफ्यावर सारखी पसरत नाहीं.