अद्भुत चित्रकथा : एका वाचकाची मते

(द्वितीय वर्ष, कला)

वाङ्मयाची चर्चा निघाली की कथा, कादंबरी, काव्य, नाटक ही नावे ओळीने येतात. त्यामागून प्रवासवर्णन येते, आत्मचरित्र येते, बालवाङ्मयालाही कोपऱ्यात का होईना पण जागा मिळते. चित्रकथेचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. घेतलेच तर ते तक्रारीच्या सुरात. 'पुस्तके सोडून मुले चित्रे बघत बसतात,' असे म्हणून विषय संपवला जातो.

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी आहे आणि अद्भुत व साहसी चित्रकथांची वाचकही आहे. या दोन गोष्टींत काही विरोध आहे असे मला वाटत नाही. चित्रकथांवर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा या लेखात क्रमाने विचार करावयाचा आहे. त्यांतील काही मला पटत नाहीत. एक आक्षेप मात्र माझा स्वतःचाच आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उदाहरणासाठी मी मुख्यतः वेताळाच्या कथा घेतल्या आहेत, कारण त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत.

प्रथम थोडा इतिहास. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी 'फँटम' हे पात्र वर्तमानपत्रांतून वाचकांपुढे आणले. भारतात या कथा पुस्तिकेच्या रूपाने घरोघर पोचवल्या त्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने. मार्च १९६४ मध्ये तिचा पहिला अंक निघाला आणि १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. मराठीत फँटमचे नाव 'वेताळ' झाले. मालिका बंद पडल्यानंतर कितीतरी वर्षांनी माझा जन्म झाला. तरीही जुने अंक रद्दीच्या दुकानांत, वाचनालयांच्या माळ्यांवर आणि लोकांच्या पेट्यांत टिकून राहिले. मी वाचले ते असेच.

पहिला आक्षेप असा की, चित्रांमुळे वाचकाची कल्पनाशक्ती मरते. सगळे डोळ्यांपुढे मांडल्यावर मनाने चितारायचे काय, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु चित्रकथा कशी वाचली जाते याकडे लक्ष दिले तर निराळेच दिसते. एका चौकटीत गुहेच्या तोंडाशी बंदूकवाला पहारेकरी उभा आहे. पुढच्या चौकटीत तो जमिनीवर पडला आहे आणि त्याच्या जबड्यावर कवटीची खूण उमटली आहे. मध्ये काय झाले? ते कोठेच काढलेले नाही. दोन चौकटींमधल्या बोटभर पांढऱ्या पट्टीत ते घडले आणि ते घडवले वाचकाने. अशी प्रत्येक पानावर पाच-सहा ठिकाणे असतात. जो वाचक मनाने ही जागा भरत नाही त्याला चित्रकथा कळतच नाही. तेव्हा कल्पनेला येथे काम नसते असे नाही; ते वेगळ्या ठिकाणी असते, इतकेच.

या कथांच्या घडणीची आणखी एक गंमत आहे. वेताळाच्या कथा मुळात पुस्तकासाठी नव्हत्या. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी छापली जाई. वाचकाला कालचे थोडे आठवून द्यायचे, आज कथा एक पाऊल पुढे न्यायची आणि उद्याचा अंक हाती घ्यावासा वाटेल अशा जागी थांबायचे, हे सारे त्या तीन-चार चौकटींत साधावे लागे. 'इंद्रजाल'मध्ये त्याच पट्ट्या कापून पानावर नव्याने मांडल्या गेल्या. त्यामुळे दर तीन-चार चौकटींनंतर कथेला एक छोटासा हिसका बसतो. आमच्याकडचे कीर्तनकार ऐन प्रसंगी थांबून अभंग धरतात, त्यातलाच हा प्रकार. 'अंक हातातून सुटत नाही' असे आपण म्हणतो, त्यामागे ही कारागिरी आहे.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे. मारामाऱ्या वाचून मुले बिघडतात, असे म्हणतात. हा वाद जुना आहे आणि आपल्याइतकाच तो अमेरिकेतही गाजला. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने एक पुस्तक लिहून चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात असे मांडले. त्याच वर्षी तेथील सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. पुढे २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमच्या मूळ टिपणांचा अभ्यास केला, तेव्हा त्याने मुलांच्या मुलाखतींतील मजकूर आपल्या निष्कर्षाला सोयीचा होईल असा बदलला होता, असे दाखवून दिले. यावरून सर्वच चित्रकथा निर्दोष ठरतात असे नाही. पण मुलांच्या वाचनाविषयी बोलताना मुलांचे म्हणणे जसेच्या तसे ऐकले पाहिजे, एवढे तरी यातून सिद्ध होते.

आता हे 'वाचन'च नव्हे, या मताविषयी. येथे मला घरचे सांगावे लागेल. माझे वडील नववीपर्यंत शिकले आणि पुढे बाजार समितीत हमालीला लागले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांच्या पत्र्याच्या पेटीत शिधापत्रिका, जमिनीचा एक जुना उतारा आणि 'इंद्रजाल'चे चौदा अंक आहेत. लहानपणी तालुक्याच्या गावी एका दुकानात ते अंक भाड्याने मिळत. जे परत गेले नाहीत ते हे चौदा. शाळेची पुस्तके त्यांनी परीक्षेसाठी वाचली, नोटिसा आणि पावत्या गरजेपोटी वाचतात. कोणी सांगितले नसताना, केवळ स्वतःच्या आनंदासाठी त्यांनी आयुष्यात जे वाचले ते एवढेच. मीही शाळेत जाण्याआधी अक्षरे जुळवायला शिकले ती त्यांच्या मांडीवर बसून, त्या फुग्यांतल्या संवादांवर बोट ठेवून. चित्रकथा वाचणे हे वाचन नव्हे असे कोणी म्हटले की, आबा वाचक नाहीत असे ते म्हणत असतात. हे मला मान्य करता येत नाही.

तिसरा आक्षेप परकीयपणाचा. या कथा आपल्या मातीतल्या नाहीत हे खरेच आहे. पण भाषांतरकाराने योजलेल्या एका शब्दाने काय किमया केली ते पाहण्यासारखे आहे. 'वेताळ' हा शब्द आपल्याला 'वेताळपंचविशी'पासून परिचित आहे. विक्रम-वेताळाच्या गोष्टींनी तर 'चांदोबा' मासिकाच्या वाचकांच्या पिढ्या वाढवल्या. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा रक्षणकर्ता देव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीसाठी हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा त्यामागे आहे. रानात फिरणारा, कधी न मरणारा, दुष्टांना धाक घालणारा राखणदार ही कल्पना मराठी मुलाला समजावून सांगावी लागली नाही. नावानेच तिला घरात घेतले.

शिवाय वेताळाची अद्भुतता मोठी विचार करण्याजोगी आहे. त्याच्याजवळ कोणतीही दैवी शक्ती नाही. १५३६ मध्ये समुद्रचाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका माणसाने आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. पुढे बापानंतर मुलगा तोच पोशाख आणि तोच मुखवटा घालत आला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातल्या लोकांना वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जगतो आहे. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असते. अमरत्व माणसाचे नसून कामाचे आहे, ही कल्पना मला फार आवडते. अद्भुत वाटणाऱ्या गोष्टीमागे मानवी कारण असते, हे ही कथा रंजन करता करता शिकवून जाते.

येथपर्यंत मी चित्रकथांची बाजू मांडली. आता माझा आक्षेप.

वेताळ गोरा आहे. त्याच्या कवटीच्या आकाराच्या गुहेभोवती बांदार जमातीचे बुटके, काळे लोक पहारा देतात. तो सिंहासनावर बसतो आणि ते खाली उभे असतात. कितीतरी जमाती त्याच्या नावाला घाबरून शांततेने राहतात. म्हणजे स्वतःचे भांडण स्वतः मिटवण्याची अक्कल त्यांना नाही, ती बाहेरून आलेल्या एका घराण्याने पिढ्यानपिढ्या पुरवायची, असा याचा अर्थ होतो. मँड्रेकचा सोबती लोथार हा खरे तर आफ्रिकेतला राजपुत्र. पण सुरुवातीच्या कथांत तो अंगावर बिबट्याचे कातडे पांघरून मोडकीतोडकी इंग्रजी बोलतो आणि मालकाच्या शब्दासरशी वजने उचलतो.

'इंद्रजाल'च्या संपादकांनी या कथांत काही बदल केले होते. 'बंगाला' हे देशाचे नाव बंगालच्या फार जवळचे वाटते म्हणून त्याचे 'डेंकाली' झाले. चाचे 'सिंग' होते ते 'सिंगा' झाले. वेताळाच्या बापाचा मारेकरी 'रामा' होता, त्याचे 'रामालू' केले. हे बदल योग्यच होते. पण यातून एक गोष्ट उघड होते. आपल्याला जे बोचले ते आपण बदलून घेतले. बांदार लोकांना जे बोचले असते ते तसेच राहिले, कारण ते वाचक म्हणून आपल्या डोळ्यांपुढे नव्हते.

मी आबांना एकदा विचारले, "लहानपणी तुम्हाला यातलं कोण व्हावंसं वाटायचं?" ते म्हणाले, "येताळच की! गर्दीत हुबं ऱ्हायाला कुणाला आवडतंय?" हे उत्तर मी बरेच दिवस मनात घोळवले. दिवसभर पाठीवर पोती वाहणारा माणूस कथा वाचताना घोड्यावर बसतो. साहसकथेचे हेच मोठे देणे आहे आणि हाच तिचा धोकाही आहे. घोड्यावर बसल्यावर खाली उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. आणि खाली उभा असलेला माणूस बहुधा आपल्यासारखाच असतो.

लेखक काळाबरोबर बदलू शकतो हेही सांगितले पाहिजे. आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले तसे ली फॉकने वेताळाच्या देशात निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आणला, डॉ. लुआगा. १९६५ पासून लोथार नीट भाषा बोलू लागला आणि त्याचा पोशाखही बदलला. एक मुलगी म्हणून मी डायनाकडेही लक्ष ठेवून होते. तिला वारंवार कोणीतरी पळवून नेते याचा मला कंटाळा येई. पण ती संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते आणि १९७७ मध्ये वेताळाशी लग्न झाल्यावरही ती सोडत नाही, हे मला फार बरे वाटले.

आपल्याकडे या दृष्टीने 'बहादुर'चा विचार करावा लागतो. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये 'इंद्रजाल'साठी हा नायक निर्माण केला. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स, असा त्याचा वेष. तो एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या हातून मरतो आणि एक पोलीस अधिकारीच या मुलाला वाढवतो. म्हणजे जन्माने माणूस ठरत नाही, ही गोष्ट कथेच्या पायातच घातली आहे. शिवाय बहादुर एकटा लढत नाही. तो नागरिकांचे सुरक्षा दल उभे करतो. वेताळाच्या जंगलात कायदा म्हणजे एका पुरुषाची शपथ. बहादुरच्या गावात लोक स्वतः राखणीला उभे राहतात. चित्रांची सफाई वेताळात अधिक असेल, पण विचार म्हणून मला बहादुर पुढचा वाटतो. तरीही मोठेपणी लोकांच्या आठवणीत वेताळच जास्त राहिला. मुखवट्यातले, बुबुळे नसलेले ते पांढरे डोळे मनातून जात नाहीत. चांगला विचार असला म्हणजे पुरत नाही, त्याला चित्रही तसेच लागते, हा धडा मी यातून घेतला.

तसे चित्र आपल्याकडे काढले गेले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भीमायन' या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील चित्रग्रंथात दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी चौकटीच मोडून टाकल्या. त्यात मायेचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात आणि विषारी बोलांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. ही साहसकथा नव्हे, जीवनकथा आहे. पण पाण्याचा घोट मिळवण्यासाठी एका लहान मुलाला जे सोसावे लागले ते वाचताना, साहस म्हणजे काय याचा मला नव्याने विचार करावा लागला. ज्यांना जुन्या चित्रकथांत खाली उभे केले होते त्यांच्यातल्याच चित्रकारांनी येथे कुंचला हातात घेतला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चित्रकथा मुलांच्या हातातून काढून घेऊ नयेत; त्या वाचून झाल्यावर मुलांशी बोलावे. या चित्रात बसलेला कोण आहे, उभा कोण आहे, आणि कोणाच्या तोंडाशी फुगाच नाही, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल. हेच प्रश्न आम्ही वर्गात कादंबरीला आणि नाटकालाही विचारतो.

शेवटी एक विनंती. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चित्रकथांसाठी एक फळी असावी. माझ्यासारखे पुष्कळजण घरातले पहिले विद्यार्थी म्हणून येथे येतात आणि जाडजूड ग्रंथांपुढे बिचकतात. त्यांना हात पुढे करता येईल असे काहीतरी तेथे असू द्यावे. आबांचे चौदा अंक मी त्या फळीसाठी मागितले होते. ते द्यायला तयार नाहीत. वाचायचे असतील त्यांनी घरी यावे, असा त्यांचा निरोप आहे.