लघुकाय जातींच्या पिल्लांतील रक्तशर्करेची घट

अर्धा किलो वजनाच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगात रक्त असे किती असणार? वजनाच्या साधारण आठ टक्के, म्हणजे सुमारे ४० मिलिलिटर. निरोगी कुत्र्याच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ग्लुकोज ही शर्करा ७० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. या हिशेबाने त्या पिल्लाच्या रक्तातून एका वेळी फिरत असलेली साखर ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरते. चहाच्या चमच्यात मावणाऱ्या साखरेचा हा जेमतेम शंभरावा भाग होय. एवढ्याशा साखरेवर मेंदू, हृदय आणि स्नायू यांचे काम अखंड चालते, आणि ती जशी खर्च होते तशी आतून भरून निघावी लागते. हा पुरवठा काही तास जरी खंडित झाला तरी पिल्लू कोसळते.

चिवावा, यॉर्कशायर टेरिअर, माल्टीज, टॉय पूडल, खरा पोमेरेनियन या जातींना इंग्रजीत ‘टॉय’ म्हणजे खेळण्यातल्या जाती असे नाव पडले आहे. (आपल्याकडे सर्रास ‘पोमेरेनियन’ म्हणून ओळखला जाणारा पांढरा, झुबकेदार कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो व तो याहून बराच दणकट असतो.) हे नाव दिशाभूल करणारे आहे. खेळणे कोनाड्यात ठेवून विसरता येते. या जातींचे दीड ते चार महिन्यांचे पिल्लू मात्र एका रात्रीपुरतेही विसरून चालत नाही.

रक्तातील साखर येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला कुत्र्यांकडूनच मिळाले. साखर ही केवळ अन्नातून येते, अशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत समजूत होती. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४८ मध्ये असे दाखवून दिले, की कुत्र्याला नुसत्या मांसावर ठेवले तरी त्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर आढळते. याचा अर्थ यकृत स्वतः साखर तयार करते. पुढे १८५७ मध्ये त्याने यकृतातील ग्लायकोजेन हा साठ्याचा पदार्थ वेगळा काढला. दोन जेवणांच्या मधल्या काळात या साठ्याचे विघटन होऊन ग्लुकोज रक्तात उतरते. साठा सरत आला की स्नायूंतील प्रथिनांपासून मिळणारी द्रव्ये वापरून यकृत नवे ग्लुकोज घडविते. मोठ्या कुत्र्याच्या शरीरात या दोन्ही व्यवस्था इतक्या भक्कम असतात, की त्याने दोन दिवस काही खाल्ले नाही तरी रक्तशर्करा फारशी हलत नाही.

लहानग्या पिल्लाची अडचण या दोन्ही ठिकाणी आहे. यकृत लहान, म्हणून साठा लहान. स्नायू अपुरे, म्हणून नवे ग्लुकोज घडविण्यास लागणारा कच्चा मालही अपुरा. चरबी जवळजवळ नाहीच. याउलट खर्च मात्र मोठा असतो. शरीर जितके लहान तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग अधिक, आणि तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. पशुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार ३० किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहण्यासाठी दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० किलोकॅलरी पुरतात. अर्ध्या किलोच्या जीवाला त्याच कामासाठी दर किलोमागे ८० हून अधिक लागतात. त्यात वाढीचा आणि खेळण्याचा खर्च मिळविला म्हणजे हा आकडा आणखी दुप्पट-तिप्पट होतो. शिवाय पिल्लाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो, आणि मेंदू स्वतःजवळ साखरेचा साठा म्हणण्यासारखा ठेवीत नाही. मिळकत तुटपुंजी, शिल्लक नाही आणि खर्च भरमसाट, असा हा संसार आहे.

अशा संसारात कोणते निमित्त पुरेसे ठरते? एक जेवण चुकणे पुरते. थंडी पुरते. जुलाब, जंत, ताप, दिवसभर मुलांनी केलेली खेळवणूक, नव्या घरातील भीती, यांपैकी काहीही पुरते. आणि बहुतेक वेळा यांतील दोन-तीन गोष्टी एकदमच घडून येतात. पिल्लू विकत घेऊन घरी आणण्याचा प्रसंगच पाहावा. आईपासून व भावंडांपासून तोडलेले पिल्लू टोपलीत घालून रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरी नेले जाते. वाटेत ओकारी होईल म्हणून त्याला उपाशी ठेवतात. घरी पोहोचल्यावर शेजारपाजारची मुले त्याला या हातातून त्या हातात फिरवितात. नवे अन्न ते हुंगून सोडून देते. दमले असेल, झोपू द्या, असे म्हणून घरातले लोक निजतात. दिल्ली-लखनौकडील जानेवारीची रात्र असेल तर थंडीची भर पडते. मुंबई-चेन्नईला थंडी नसते, परंतु वातानुकूलित खोलीतील फरशी तेच काम करते. सकाळी पिल्लू गार, लुळे पडलेले आढळते. त्याला कोणताही गूढ रोग झालेला नसतो. ते केवळ बारा-चौदा तास उपाशी असते.

यात वयाला फार महत्त्व आहे. आपल्या देशात २०१७ मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम करण्यात आले. त्यांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. तथापि पिल्लू जितके इवले तितका ग्राहक अधिक मोहात पडतो, हे विक्रेत्यांना पक्के ठाऊक असते. पाच-सहा आठवड्यांचे पिल्लू दोन महिन्यांचे म्हणून गळ्यात मारले जाते, किंवा खुरटलेल्या पिल्लाला ‘टीकप’ म्हणजे चहाच्या पेल्यात मावणारी जात असे नाव देऊन जास्त किंमत घेतली जाते. अशी कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही. ज्या पिल्लाला विशेष लहान म्हणून अधिक पैसे मोजले जातात, तेच बहुधा सर्वांत अधिक धोक्यात असते.

साखर उतरू लागल्याची पहिली चिन्हे सहज नजरेतून निसटतात. पिल्लू खेळ सोडून एका बाजूला बसते. हाक मारली तर मान उचलते, पण डोळ्यांत ओळख नसते. चालताना मागचे पाय लटपटतात, डोके किंचित डुलते, अंगाला बारीक कंप सुटतो. हिरड्या फिकट व गार लागतात. झोप आणि ग्लानी यांतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे: झोपलेले पिल्लू उचलले की चुळबुळ करते, अंग ताणते, ग्लानीतील पिल्लू हातात ओल्या फडक्यासारखे लोंबते. शंका आल्यास झोपमोड करण्यास मुळीच संकोच करू नये. साखर दर १०० मिलिलिटरला ४० ते ५० मिलिग्रॅमच्या खाली गेली म्हणजे सहसा गंभीर लक्षणे दिसतात. मग पाय ताठ होऊन आकडी येते, आणि त्यानंतर बेशुद्धी. ही अवस्था लांबली तर मेंदूच्या पेशी कायमच्या नष्ट होतात. आकडी केवळ साखरेच्या अभावानेही येऊ शकते, हे १९२१-२२ च्या हिवाळ्यात टोरांटो येथे इन्सुलिनवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले होते. इन्सुलिन टोचलेल्या सशांना आचके येत, आणि ग्लुकोज मिळताच ते काही मिनिटांत उठून बसत.

पिल्लांच्या बाबतीत आशेची जागा हीच आहे. उपाय प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. पिल्लू शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूड थोड्या कोमट पाण्यात दाट कालवून, किंवा मध, किंवा तेही नसल्यास साखरेचा पाक, बोटाने हिरड्यांना चोळावा आणि थेंबाथेंबाने चाटवावा. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलिलिटर हे प्रारंभी पुरेसे असते. ग्लुकोज थेट शोषले जाते, तर साध्या साखरेचे आतड्यात आधी विघटन व्हावे लागते, म्हणून हाताशी असल्यास ग्लुकोजला प्राधान्य द्यावे. परंतु ते शोधण्यात वेळ दवडू नये. पिल्लू बेशुद्ध असेल किंवा त्याला आकडी आली असेल तर तोंडात काहीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो, आणि भुकेने मरू घातलेले पिल्लू त्या दाहाने मरते. अशा वेळी ओठ बाजूला सारून हिरड्यांवर पाकाचा पातळ लेप तेवढा द्यावा, दातांच्या मध्ये बोट घालू नये, आणि पशुवैद्याकडे निघावे.

त्याच वेळी ऊबही द्यावयाची असते. गार पडलेल्या शरीराची आतडी मंदावतात, तेव्हा पोटभर दूध पाजण्याचा आग्रह अशा स्थितीत घातक ठरतो. गरम पाण्याची पिशवी जाड फडक्यात गुंडाळून जवळ ठेवणे, किंवा पिल्लाला स्वतःच्या अंगाशी धरून शालीत लपेटणे, यासारखा सुरक्षित उपाय नाही. शेकोटीजवळ किंवा तापलेल्या हीटरसमोर ठेवल्यास कातडी भाजते. लुळ्या पिल्लाला दूर सरकता येत नाही, याचे भान राहत नाही.

काही घरगुती समजुतींचा येथे उल्लेख केला पाहिजे. आकडी आलेल्या पिल्लाला कांदा हुंगविल्याने अपाय होत नाही. फक्त मोलाची मिनिटे जातात. थंडी बाधली असे समजून ब्रँडीचे थेंब पाजणे मात्र सरळसरळ विषप्रयोग होय, कारण नवे ग्लुकोज घडविण्याचे यकृताचे कामच मद्यार्कामुळे अडते. आणखी एक धोका अलीकडच्या काळातील आहे. मधुमेही माणसे असलेल्या घरी साखरेऐवजी कृत्रिम गोडी असते. तिच्यातील बहुतेक पदार्थांचा येथे काडीचा उपयोग नाही. झायलिटॉल हा पदार्थ तर कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन उसळवून रक्तशर्करा आणखी खाली नेतो व मोठ्या मात्रेत यकृताचाही नाश करतो. साखरमुक्त गोळ्या, च्युइंग गम आणि काही दंतमंजने यांत तो असतो. पुडीवर ‘साखरमुक्त’ असे लिहिलेली कोणतीही वस्तू पिल्लाच्या तोंडाजवळ नेऊ नये.

साखर चाटविल्यावर बहुधा पाच-दहा मिनिटांत पिल्लू मान उचलते. येथे पुष्कळ लोक निश्चिंत होतात, आणि तास-दोन तासांत पिल्लू पुन्हा कोसळते. साखर ही केवळ वेळ मिळवून देते. तिच्या पाठोपाठ प्रथिने व स्निग्धांश असलेले खरे अन्न पोटात गेले नाही, तर ती जितक्या लवकर चढते तितक्याच लवकर उतरते. पिल्लू सावरले तरी त्याला त्याच दिवशी पशुवैद्याला दाखविणे आवश्यक असते. पशुवैद्य गरजेनुसार शिरेतून डेक्स्ट्रोज देतो. ५० टक्के तीव्रतेचे द्रावण शिरेला दाहक असल्यामुळे ते पातळ करून सावकाश द्यावे लागते. हे काम घरी करण्याचे नव्हे. माणसाच्या रक्तासाठी बनविलेल्या घरगुती मापकावर विसंबताना इतके ध्यानात ठेवावे, की कुत्र्याच्या रक्तात तो बहुधा प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवितो.

प्रतिबंधाचा सारा भार वेळापत्रकावर आहे. तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत अशा पिल्लाला दिवसातून चार ते सहा वेळा थोडे थोडे खाऊ घालावे. शेवटचा घास झोपण्यापूर्वी उशिरा व पहिला घास पहाटे लवकर द्यावा. अगदी लहान पिल्लासाठी मध्यरात्री एकदा उठणेही आवश्यक ठरते. काय खाऊ घालावे याबाबत आपल्या घरांत बरीच बेफिकिरी दिसते. दूध-पोळी हे नेहमीचे उत्तर. कुत्रीच्या दुधात प्रथिने सुमारे आठ टक्के व स्निग्धांश नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. गाईच्या दुधात दोन्ही याच्या निम्म्याहून कमी असतात, आणि दुग्धशर्करा मात्र अधिक असते. त्यामुळे पोषण थोडे आणि जुलाब होण्याचा संभव जास्त, असा हा व्यवहार आहे. ग्लुकोज बिस्किटाच्या नावावर जाऊ नये. तो मुख्यतः मैदा व साखर असते. पिल्लांसाठी तयार केलेला खुराक कोमट पाण्यात भिजवून, किंवा शिजवलेले अंडे व मऊ शिजवलेली कोंबडी भातासह देणे केव्हाही श्रेयस्कर. पहिले काही दिवस पैदासकाराकडे जे अन्न चालू होते तेच द्यावे आणि बदल सावकाश करावा. प्रवासात दर तीन-चार तासांनी थांबून थोडे खाऊ घालावे आणि ग्लुकोजची पुडी जवळ बाळगावी.

स्वयंपाकघरातील तराजूचा उपयोग येथे सर्वांत मोठा. रोज ठराविक वेळी वजन करून वहीत मांडावे. वाढत्या पिल्लाचे वजन एक दिवस थांबले तर लक्ष द्यावे, घटले तर पशुवैद्याला कळवावे. अर्ध्या किलोच्या जीवात २५ ग्रॅमची घट म्हणजे त्याचा विसावा हिस्सा होय. डोळ्यांना ती दिसत नाही, तराजूला दिसते. जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून ठराविक अंतराने देणे जरुरीचे असते, कारण गोल जंतांची बाधा पिल्लाला आईच्या पोटातच होते. लसीकरणात हयगय करू नये. १९७८ पासून जगभर पसरलेला पार्व्होव्हायरस आतड्यांवर घाला घालतो, आणि लहान पिल्लांत त्याच्याबरोबर रक्तशर्कराही ढासळते. शस्त्रक्रियेपूर्वी रात्रभर उपाशी ठेवण्याचा मोठ्या कुत्र्यांसाठीचा प्रघातही या पिल्लांना लागू करू नये. उपासाचा काळ पशुवैद्याकडून तासांच्या हिशेबात विचारून घ्यावा.

वेळेवर खाऊनही पिल्लू पुन्हा पुन्हा कोसळत असेल तर कारण अन्यत्र शोधावे लागते. यॉर्कशायर टेरिअर व माल्टीज या जातींत जन्मजात दोषामुळे आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून जाण्याचा प्रकार विशेष आढळतो. अशा पिल्लाची वाढ खुंटते आणि जेवणानंतरही त्याला भ्रम होतो. रक्ततपासणी व सोनोग्राफीने हा दोष कळू शकतो, आणि काहींत तो शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतो. आकडीच्या बाबतीत डिस्टेंपर या साथीच्या रोगाचाही विचार करावा लागतो. बहुसंख्य पिल्लांत मात्र असे काही नसते. चौथ्या महिन्याच्या सुमारास यकृत व स्नायू पुरेसे वाढतात आणि रात्रभराचा उपास त्यांना सोसू लागतो. पूर्ण वाढीनंतरही दीड किलोच्या आत राहणाऱ्या कुत्र्यांना मात्र दिवसातून तीन वेळा खाऊ घालण्याचा शिरस्ता पुढेही चालू ठेवावा लागतो.