परड्यातले माड आणि त्यांची निगा



आपल्या भित्तिपत्रकात दर वर्षी कोणी ना कोणी 'नारळ : एक कल्पवृक्ष' हा निबंध लिहितो. खोबरे आमटीला, चुडते मांडवाला, हीर झाडूला, सोडणे चुलीत. हे आता आपल्याला पाठ झाले आहे. माड आपल्याला काय देतो ते सगळे लिहितात. आपण माडाला काय द्यायचे ते कोणी लिहीत नाही. म्हणून मी या वेळी तो विषय घेतला आहे. माहिती मी आजीकडून, आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या पाडेली काकांकडून आणि गुरुजींनी वाचायला दिलेल्या पुस्तिकांतून गोळा केली. काही गोष्टी स्वतः मोजून पाहिल्या.

प्रथम माड हे झाड कसे आहे ते सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. आंब्याची फांदी तोडली तर बाजूने दुसरी फुटते. माडाला फांद्या नसतात. त्याचा सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात असतो. तो कोंब मेला की माड मेला, मग खाली खोड कितीही जाड असो. क्वचित एखाद्या माडाला दोन शेंडे फुटतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात तसा एक माड होता, बघायला लांबून लोक यायचे. वीज पडून तो गेला, असे आजी सांगते. पण असा माड हजारांत एखादा. आपल्या परड्यातल्या माडाला एकच शेंडा, हे धरून चालावे.

दुसरी गोष्ट खोडाची. आंबा, फणस, वड यांचे खोड दर वर्षी जाड होते आणि जखम झाली तर कडेने साल वाढून ती भरत येते. माडाचे तसे नाही. तो गवताच्या आणि बांबूच्या बाजूचा आहे. त्याला तशी साल येत नाही आणि जखम भरत नाही. आज कोयत्याने पाडलेली खाच पन्नास वर्षांनी तशीच दिसेल.

म्हणूनच माडाचे खोड वहीसारखे वाचता येते. खोडावर ज्या आडव्या खुणा असतात ना, ती गळून पडलेल्या चुडतांची जागा. चांगल्या माडाला महिन्याला साधारण एक, म्हणजे वर्षाला बारा ते चौदा चुडते येतात. शाळेच्या विहिरीकडच्या माडावर आम्ही तिघींनी माझ्या कमरेपासून वर हात पोचेल तिथपर्यंत २६ खुणा मोजल्या. म्हणजे तेवढी वाढ साधारण दोन वर्षांची. खुणा जिथे दाट आणि खोड बारीक, तिथे समजावे की त्या काळात माडाला पाणी किंवा खत मिळाले नाही. आमच्या परड्यातल्या एका माडाची कंबर अशीच बारीक आहे. त्या वर्षांत घर बंद होते, सगळे मुंबईला होते. माडाने ते लिहून ठेवले आहे.

आता लावणीचे. आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो उंच जातीचा बाणवली माड. तो सहा-सात वर्षांनी धरतो, पण ऐंशी वर्षे आणि त्याहून जास्त टिकतो. नीट ठेवला तर वर्षाला ऐंशी ते शंभर नारळ देतो. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. ते १९५५ पासूनचे, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथून 'प्रताप' ही जात आली. ठेंगू जाती लवकर धरतात, त्यांतली केशरी रंगाची शहाळ्यासाठी चांगली. पण ठेंगू माडाला पाणी आणि निगा जास्त लागते. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात विहीर आटते त्यांनी बाणवलीच लावावा, असे माझे मत आहे.

रोप घेताना नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे आणि बुंध्याशी जाड असलेले घ्यावे. उंच आणि लुकडे रोप दिसायला छान दिसते, पण ते घेऊ नये. दोन माडांत पंचवीस फूट अंतर हवे. हे कोणी पाळत नाही! बारके रोप लावताना एवढी जागा फुकट जाते असे वाटते. मग दहा वर्षांनी चुडते एकमेकांत घुसतात आणि उजेडासाठी माड वाकडे होत कौलांवर येतात. खड्डा लांबी, रुंदी, खोली एकेक मीटर. देवबाग-तारकर्लीसारख्या वाळूच्या जमिनीत तळाला सोडणांचे दोन थर घालावेत, पोकळ बाजू वर करून. ती पाणी धरून ठेवतात. आत कातळाच्या भागात जांभा कठीण असतो. तिथे लावणीआधी काही महिने खड्ड्यात दोनेक किलो मीठ टाकले तर तळ मऊ होतो.

मिठावरून आठवले. आमच्या आजीची पद्धत अशी की पावसाच्या सुरुवातीला माडाच्या आळ्यात मूठ-दोन मुठी जाडे मीठ आणि सुकट निवडल्यावर उरलेला कचरा घालायचा. मला ते उगाच वाटायचे. पण पुस्तिकेत वाचले की माडाला क्लोरीन हे द्रव्य चांगले मानवते आणि ते मिठात असते. म्हणून आजीची रीत चुकीची नाही. मात्र फक्त मिठावर माड जगत नाही. मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, शिवाय सुमारे सव्वादोन किलो युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट आणि दोन किलोच्या आत पोटॅश लागते. युरिया आणि पोटॅश एकदम न घालता जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असे तीन हप्ते करावेत. पहिल्या वर्षी रोपाला याचा पाचवा हिस्सा, मग दर वर्षी तेवढाच वाढवत पाचव्या वर्षी पूर्ण.

खत कुठे घालायचे? पुष्कळ लोक खोडाला चिकटून ढीग करतात. माडाला सोटमूळ नसते, दोरीसारखी हजारो मुळे असतात. खाणारी मुळे खोडापासून सहा-साडेसहा फुटांच्या आत पसरलेली असतात. म्हणून आळे सहा फुटांचे करावे आणि खत आळ्यात पसरून मातीआड करावे. पाणीही तिथेच. उन्हाळ्यात मोठ्या माडाला दिवसाला चाळीसेक लिटर पाणी लागते. भांडी घासलेले, मोरीचे पाणी पाट काढून माडाला सोडणे ही आपली जुनी पद्धत चांगली आहे. आळ्यात सोडणे, पातेरा आणि चुडताचे तुकडे पसरले तर ओल राहते. "माडाक समुद्र पुरता म्हणणारे आळशी," असे आजी म्हणते.

यात एक गंमत आहे, पण ती नीट समजून घ्यावी. प्रत्येक चुडताच्या बगलेत एक पोय असते. पोय फुटल्यापासून नारळ तयार व्हायला बारा महिने लागतात. आणि ती पोय आत शेंड्यात तयार व्हायला लागते ती फुटण्याच्या दोन वर्षांहून आधी. म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात पाणी तोडले तर त्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षे दिसत राहतो. तोपर्यंत आपण विसरून गेलेले असतो आणि म्हणतो, माडाला कोणाची नजर लागली. बारकी बोंडे गळतात त्याची मात्र फार काळजी करू नये. निम्म्याहून जास्त बोंडे गळणे हे माडाचे नेहमीचेच आहे.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. आमच्या परड्यात आठ माड होते, आता सात आहेत. विहिरीकडचा चौदा वर्षांचा माड गेल्या वर्षी गेला. आधी मधली चुडते पिवळी पडली. बाबा म्हणाले, खत कमी पडले असेल. मग खोडावर एका जुन्या खाचेतून तांबूस चिकट पाणी येऊ लागले आणि भोकातून चावलेला भुसा बाहेर आला. पाडेली काकांनी खोडाला कान लावला आणि मलाही लावायला सांगितला. आत करकर करकर असा आवाज येत होता. तो मी विसरणार नाही. दीड महिन्याने वारा फारसा नसताना शेंडा मोडून खाली आला. खोड फोडले तेव्हा आत पांढऱ्या, जाड, बिनपायाच्या अळ्या आणि माडाच्याच धाग्यांचे गुंडाळलेले कोष होते. हा सोंड्या भुंगा. तो तांबडा असतो आणि त्याला पुढे लांब सोंड असते.

याचा भाऊ म्हणावा असा दुसरा, गेंड्या भुंगा. तो काळा, डोक्यावर गेंड्यासारखे शिंग. तो शेंड्यात शिरून न उघडलेले पान कुरतडतो. ते पान उघडले की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. असे पान दिसले की समजा, पाहुणा वर आहे. गेंड्या एकटा सहसा मोठा माड मारत नाही, पण त्याने केलेल्या जखमेच्या वासाने सोंड्या येतो. म्हणून पहिल्यालाच थांबवायचे.

गेंड्या अंडी माडावर घालत नाही. तो घालतो गायरीत, म्हणजे आपल्याच शेणखताच्या खड्ड्यात, आणि कुजणाऱ्या माडाच्या खोडात. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा किती माड पडले ते सर्वांना आठवत असेल. अशी पडलेली खोडे परड्याच्या कोपऱ्यात कुजत ठेवली तर ते भुंग्याचे बाळंतघर होते. खोडे फोडून जाळावीत. गायरी उपसताना खालच्या जाड, वळलेल्या, पाय असलेल्या अळ्या वेचून कोंबड्यांना टाकाव्यात. कोंबड्या खूश होतात. गायरीत मेटारायझियम नावाची हिरवी बुरशीही मिसळतात, ती या अळ्यांना रोग आणते. माडाच्या शेंड्यात भुंगा असेल तर तारेच्या आकड्याने ओढून काढायचा. लहान माडाच्या वरच्या दोन-तीन बगलांत डांबराच्या गोळ्या ठेवून वर वाळू घालायची आणि दीड महिन्याने पुन्हा ठेवायच्या.

सोंड्या आत शिरला असेल तर खालची भोके लिंपून वरच्या भोकातून औषध ओततात. ते काम कृषी सहायकांना विचारून मोठ्यांनीच करावे, मुलांनी तिथे उभेसुद्धा राहू नये. पण खरा उपाय म्हणजे खोडाला जखमच न करणे. हिरवे चुडत तोडताना खोडाला लागून तोडू नये, तीन-चार फूट देठ ठेवावा. आणि चढण्यासाठी खाचा पाडू नयेत.

हे मी पाडेली काकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "गो चेडवा, पावसात माड बुळबुळीत होता. खाचो नसलो आणि पाय सरकलो तर खाली मी येतलंय, माड नाय." मला यावर लगेच उत्तर देता आले नाही. त्यांचे खरे आहे. आमच्या वाडीत पूर्वी पाच जण माडावर चढायचे, आता ते एकटेच, आणि त्यांचा मुलगा गोव्याला कामाला. पाडेली मिळत नाही म्हणून वर्षवर्ष कोणी शेंड्यात डोकावत नाही आणि तिथेच भुंग्याचे फावते. पायाने चालवायचे शिडीयंत्र मिळते. ते खोडाला दोरखंडाने धरते, खाच लागत नाही. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना त्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली आणि केरळात बायकासुद्धा ते शिकल्या. वाडीत सात-आठ घरांनी मिळून एक यंत्र घेतले तर जमेल असे मला वाटते. काका म्हणाले, "हाडा तर खरा, बघूया." म्हणजे त्यांची ना नाही.

बाकी रोग थोडक्यात. नारळावर तपकिरी खरखरीत डाग दिसतात तो कोळी. डोळ्यांना दिसत नाही एवढा बारीक. भारतात तो १९९८ साली केरळात प्रथम आढळला. चुडताखाली पांढरी गोल नक्षी आणि खालच्या पानांवर काजळी दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी, ती २०१६ पासूनची. तिच्यावर विषारी औषध मारू नये, कारण तिला संपवणारी एक बारीक गांधीलमाशी आहे, तीही मरते. जोराच्या पाण्याने चुडते धुवावीत. वांदर आणि केलडी यांच्यावर उपाय मला कुठल्याच पुस्तिकेत सापडला नाही. कोणाकडे असेल तर पुढच्या अंकात लिहावे.

आमच्या सात माडांतला एक माझ्या जन्माच्या वर्षी लावलेला आहे. दिवाळीनंतर त्याची दोन पाने त्रिकोणी कापलेली निघाली. पाडेली काकांनी आकड्याने एक भुंगा काढला, बाबांनी गोळ्या ठेवल्या आणि गायरी उपसली. त्यानंतरचे एक पान कापलेले निघाले, ते आधीच कुरतडलेले असणार. आता नवा कोंब वर येतो आहे, अजून मिटलेला. मी रोज सकाळी खोडाला कान लावते. अजून काही ऐकू आलेले नाही.

तारेचा आकडा कसा असतो तो नमुन्यासाठी भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला टांगला आहे. छत्रीची जुनी तार तापवून बाबांनी केला. ज्यांना पाहिजे त्यांनी घरी न्यावा आणि सोमवारी परत आणून लावावा.