नाशिकची वाइन आणि भौगोलिक मानांकन

वाइनच्या द्राक्षाचे मूळ क्षेत्र समशीतोष्ण प्रदेशात आहे. तेथे वेल हिवाळ्यात पानगळ होऊन विश्रांती घेते आणि वसंतात फुटते. विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर असलेल्या नाशिकमध्ये तिला अशी विश्रांती लाभत नाही. म्हणून येथील बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीने फळ धरणारी काडी तयार होते. पावसाळा सरताना केलेल्या गोडी छाटणीनंतर त्या काडीवर घड येतात.

उष्ण हवेत द्राक्षातील साखर लवकर वाढते व आम्लता झपाट्याने घटते. आम्लता गमावलेल्या द्राक्षाची वाइन बेचव होते. नाशिकचे फळ मात्र जानेवारी ते मार्च या काळात, कडक उन्हाळ्यापूर्वी हाती येते. पठारावरील थंड रात्रींमुळे आम्लता बरीच टिकून राहते. शेनिन ब्लाँ, शिराझ यांसारख्या वाणांची लागवड येथे रुजली ती यामुळेच.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर येथे वाइन उद्यान उभारण्यात आले. पुढे भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या केंद्रीय कायद्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंद झाली. खाण्याच्या नाशिक द्राक्षांची नोंद स्वतंत्र आहे.

व्यापारचिन्ह ही एखाद्या उत्पादकाची मालमत्ता असते. ते विकता येते. मानांकन विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. ते त्या प्रदेशाचे असते. नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच ते वापरण्याचा हक्क मिळतो. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते.

तथापि, मानांकन नावाचे रक्षण करते, भावाची हमी देत नाही. २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांची द्राक्षे पडून राहिली आणि काहींनी बागाच काढून टाकल्या. वाइनची द्राक्षे लहान, बियांची व जाड सालीची असल्याने खाण्याच्या बाजारात त्यांना मागणी नसते. म्हणून लागवडीपूर्वीच वाइनरीशी वाण, प्रत, भाव व मुदत ठरवणारा लेखी करार करणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. बाटलीवरील नावाचे मोल बांधापर्यंत पोहोचले, तरच मानांकनाचे सार्थक होईल.