फवारणी यंत्राचे इंजिन तापते तेव्हा : विरळ मिश्रणाचे निदान

कपाशीवरील पांढरी माशी आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडते, तेव्हा फवारणीसाठी थोडेच दिवस हाती असतात. अशा वेळी पाठीवरचे पेट्रोल फवारणी यंत्र तापून बंद पडू लागले, तर हानी केवळ यंत्राची होत नाही. इंजिनाचे फेरे घटले की हवेचा झोत मंदावतो, थेंब जाड पडतात आणि पानाच्या खालच्या बाजूची कीड वाचते.

इंजिन का तापते?

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की मिश्रण विरळ होते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलबरोबरच आत जाते आणि पेट्रोलच्या बाष्पीभवनाने आतील भाग थंडही होतात. पेट्रोल घटले की वंगण व गारवा दोन्ही घटतात. पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरला घासतो व अखेर जाम होतो.

लक्षणे

थ्रॉटल वाढवताच इंजिन अडखळते, थ्रॉटल सोडल्यावर फेरे लवकर उतरत नाहीत आणि स्पार्क प्लगचे टोक तपकिरीऐवजी पांढरट दिसते. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुरळीत चालू लागले, तर मिश्रण विरळ असल्याचे समजावे.

या अवस्थेत पेट्रोलमध्ये जादा तेल घालण्याची चूक अनेकदा होते. तेल वाढले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल कमी होते व मिश्रण अधिकच विरळ बनते. उत्पादकाने सांगितलेले प्रमाणच पाळावे. २५:१ म्हणजे एक लिटर पेट्रोलला ४० मिली, तर ५०:१ म्हणजे २० मिली तेल.

तपासणीचा क्रम

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम सुरू करावे.

१. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र पाहावे. पडून राहिलेल्या यंत्रात कुंभारीण माशीही अशी छिद्रे मातीने बुजवते. झाकण सैल करताच इंजिन सुधारले, तर दोष येथेच आहे.
२. पेट्रोलची नळी व गाळणी तपासावी.
३. जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने जेट अरुंद होतो. तो हवेच्या दाबाने साफ करावा. तार घातल्यास छिद्र मोठे होते.
४. कार्बोरेटर व सिलिंडर यांमधील पॅकिंग फाटले असल्यास तेथून जादा हवा शिरते. नट घट्ट करावेत, पॅकिंग बदलावे.
५. सिलिंडरच्या पात्यांमधील धूळ व पालापाचोळा काढावा. मिश्रण योग्य असूनही केवळ यामुळे इंजिन तापू शकते.

कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. मूळ दोष तसाच ठेवून स्क्रू फिरवल्यास तो केवळ झाकला जातो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

संपूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो हवा लागते. कार्बोरेटर हा फरक ओळखत नाही. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर जुने इंजिन अधिक विरळ चालते. इथेनॉल पाणीही शोषते. पाणी वाढल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते. म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत.

दुरुस्तीनंतर टाकीत साधे पाणी भरून यंत्र दहा मिनिटे चालवावे व प्लगचा रंग पुन्हा पाहावा. कीटकनाशकाचे द्रावण त्यानंतरच तयार करावे.